मुळेच्या पाण्याला केवढी नाव?

राहुरीत कुणी स्पीडबोट घ्यायची म्हटले की ऐकणारा आधी हसतो. हे उसाचे, कांद्याचे आणि दुधाचे गाव. नगर-मनमाड रस्त्यावरची ट्रकची रांग, हंगामात उसाने लादलेल्या ट्रॉल्या, कृषी विद्यापीठाची लांबच लांब शेते, हीच इथली ओळख. समुद्र सह्याद्रीच्या पलीकडे. पाऊसही वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. पण बारागाव नांदूरच्या बाजूने धरणाकडे गेले आणि भिंतीवर उभे राहिले, की समोरचे पाणी पाहून नावेचा विचार इतका वेडगळ वाटत नाही.

मुळा धरणाची भिंत मातीची आहे. उंची सुमारे ४८ मीटर आणि लांबी पावणेतीन किलोमीटरहून जास्त. पूर्ण भरले की २६ टीएमसी पाणी. जलाशयाचे नाव ज्ञानेश्वरसागर. हे पाणी राहुरीच्या पावसाचे नव्हे. ते येते अकोले तालुक्यातून, हरिश्चंद्रगडाच्या डोंगरातून, कोतूळवरून वाहत. आपल्याकडे आभाळ कोरडे असते आणि धरण मात्र रात्रीतून चढते. आमची दादी म्हणते, "पाऊस दुसऱ्याच्या घरी पडतो आणि बरकत आपल्याकडे येते."

नावेचा विषय घरात आणला तो आमच्या मामेभावाने. बारा वर्षे तो मस्कतला नावांच्या वर्कशॉपमध्ये होता. इंजिने उघडायची, तळाला पडलेल्या भेगा भरायच्या, हेच काम. गेल्या वर्षी कायमचा परतला. हातात आयुष्याची बचत आणि डोक्यात एकच गोष्ट: मुळेवर आपली एक नाव. आधी घरासाठी, आणि रीतसर परवानगी मिळालीच तर पुढे येणाऱ्या-जाणाऱ्यांना फिरवायलाही. मुंबईत त्याने दोन वापरलेल्या नावा पाहून ठेवल्या होत्या. एक १६ फुटी, मागे ६० अश्वशक्तीचे आउटबोर्ड इंजिन. दुसरी २२ फुटी, १५० अश्वशक्तीची, गादीच्या बाकांची, वर सावलीचे छत. फोटो मोबाइलवर घरभर फिरले आणि दोन दिवसांत घरात दोन पक्ष पडले.

मोठ्या नावेच्या बाजूने बोलणाऱ्यांत आमची धाकटी बहीण सर्वांत पुढे होती. तिचा मुद्दा वेगाचा नव्हता. घरात दादी धरून अकरा माणसे. "छोटी घेतली तर सहाच जण बसणार ना, भाईजान? मग काठावर कोण थांबणार ते मला आत्ताच सांगा. पातेली राखायला आम्हीच." यावर पुरुष मंडळी जरा गप्प झाली. सहलीला गेल्यावर पाण्यात कोण उतरते आणि चटईवर कोण बसून राहते, हे कोणत्याही घराने आठवून पाहावे. मुंबईची नाव लगेच विकली जाईल म्हणून मामेभावाला घाई होती. पण आम्ही ठरवले की आधी पाणी पाहायचे, तेही दोन ऋतूंत.

पहिल्यांदा गेलो ते सप्टेंबरअखेर. धरण काठोकाठ होते. वारा नव्हता, पाणी आरशासारखे. मासेमारांच्या लहान होड्या दूरवर ठिपक्यांसारख्या दिसत होत्या. अशा पाण्यावर कोणतीही नाव शोभते, आणि खरे सांगायचे तर त्या दिवशी आम्हा सगळ्यांनाच मोठी हवी होती. अस्रची नमाज काठावरच पढलो आणि परतताना गाडीत सगळा हिशेब २२ फुटांचाच चालला होता.

दुसऱ्यांदा गेलो ते मे महिन्यात, आणि जागा ओळखू येईना. सप्टेंबरात जिथे चटई टाकली होती तिथून पाणी खूप खाली, खूप दूर गेलेले. मधे भेगाळलेला चिखल, वरून कोरडा, पाय दिला की आत ओला. जे तेव्हा पाण्याखाली होते ते आता उघडे पडले होते: बाभळीचे बुंधे, दगडी बांध, उंचवटे. काठावर जाळे नीट करत बसलेल्या एका वयस्क मासेमाराला आम्ही विचारले, चाचा, इथून नाव कशी उतरवायची? त्याने उलट विचारले, "वजन किती?" मग म्हणाला की पाणी उतरते तशी त्यांचीही वाट दर आठवड्याला बदलते. होडी दोघांनी उचलून नेली की झाले. तुमची उचलणार कोण?

तिथे आम्हाला पहिल्यांदा कळले की नाव निवडताना पाण्याइतकाच काठही पाहायचा असतो. १६ फुटी साधी फायबरची नाव इंजिनासह अर्ध्या टनाच्या आसपास भरते. ट्रॉलीवर घालून जीपने ओढता येते आणि ओल्या काठावर चार माणसे हात लावतात. २२ फुटी इंजिन आणि इंधनासह दीड-दोन टनांपर्यंत जाते. तिला पक्का उतार हवा, नाहीतर ट्रॅक्टर. भरल्या धरणात हे जमून जाईल. पण उन्हाळ्यात ट्रॉलीची चाके चिखलात रुतली की नाव पाण्यातही नाही आणि घरीही नाही. कायम पाण्यातच बांधून ठेवायची तर सिंचनाचे आवर्तन सुटले की पाणी खाली जाते. दोर ढिला करायला आणि नाव सरकवायला रोज कुणीतरी हवे. मामेभावाचा सगळा अनुभव समुद्राचा. तिथे ओहोटीने गेलेले पाणी काही तासांत परत येते. इथे ते ऑगस्टपर्यंत येत नाही.

आता मोठीच्या बाजूचे जे खरे आहे तेही सांगितले पाहिजे. मोठ्या वेगवान नावेचा तळ बहुधा इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखा खोल असतो. तो लाट कापत जातो. छोटीचा तळ बऱ्याचदा चपटा, त्यामुळे ती लाटेवर आपटते. दादीच्या कमरेला ते आपटणे सोसणार नाही, हा आमच्या मोठ्या भावाचा मुद्दा अगदी बरोबर होता. मोठीच्या कडा पाण्यापासून उंच असतात. वाऱ्यात पाणी आत यायला वेळ लागतो आणि एक माणूस एका बाजूला सरकला म्हणून ती लगेच कलत नाही.

आणि वारा हा मुळेवर खेळ नाही. मे महिन्यात दुपारनंतर ढग भरून येतात, वावटळ उठते आणि पावसाआधीच पाणी खवळते. लांबवर उघडे पाणी असले की वाऱ्याला जोर धरायला जागा मिळते. मामेभाऊ सांगतो, समुद्रावरचे नावाडी सकाळी उठून आधी वारा पाहतात. राजपुरीहून जंजिऱ्याला जाणाऱ्या शिडाच्या होड्यांवर आम्ही तेच पाहिले होते. धरणाला मात्र आपण तळे समजतो. २१ मे २०२४ ची उजनीची घटना वाचकांना आठवत असेल. करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीकडे निघालेली नाव वादळी वाऱ्यात उलटली. नावेत सात जण होते. एक जण पोहून काठाला लागला, सहा जण गेले. त्यांत लहान मुलेही होती. ही नाव माणसांनी खचाखच भरलेली नव्हती. छोटी नाव, मोठे पाणी आणि संध्याकाळचा वारा, एवढेच पुरले.

हे वाचून मोठीच घ्यावी असे वाटेल. आमच्या घरातही तसेच झाले. मग बहिणीनेच दुसरी बातमी काढली. ७ मे २०२३ रोजी केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात तानूरजवळ पर्यटकांची दुमजली नाव उलटून २२ जण बुडाले, त्यांत बरीच मुले. एकाच कुटुंबातली अकरा माणसे गेली. मुळात मासेमारीची असलेली नाव फेरफार करून पर्यटनासाठी वापरात आणली होती, वर मजला चढवला होता आणि क्षमतेपेक्षा जास्त माणसे घेतली होती. वजन वर गेले, तोल गेला. बहीण बातमी वाचत असताना आमच्यातले काही जण मनातल्या मनात घरची माणसे मोजत होते. अकरा.

मोठ्या नावेचा धोका इथे आहे. छोटीत सातवा माणूस बसायला आला की जागाच नसते. मोठीत बारा बसले तरी तेरावा "मी कडेला बसतो" म्हणतो आणि त्याला नाही म्हणायला जीभ वळत नाही. आपल्याकडे पाहुण्याला नाही म्हणणे तर त्याहून अवघड. ईदच्या दुसऱ्या दिवशी धरणावर गेलेल्या घराला शेजारचे, सासरचे, मुलांचे मित्र असे किती जण येऊन मिळतात ते सांगायला नको.

किती माणसे बसवायची याचा छोट्या नावांसाठी परदेशात एक सोपा हिशेब वापरतात. लांबी आणि रुंदी फुटांत घ्या, गुणा आणि १५ ने भागा. १६ फूट लांब आणि ६ फूट रुंद नाव म्हणजे ९६ भागिले १५, सहा माणसे. चालवणारा त्यातच धरायचा. वीस फुटांच्या वरच्या नावांना हा हिशेब लागू नाही. त्यांच्यासाठी बनवणाऱ्याने दिलेला आकडा पाहायचा, आणि तोही शांत पाण्याचा समजायचा.

खर्चाचे थोडक्यात सांगतो. ६० अश्वशक्तीचे इंजिन पूर्ण वेगात तासाला वीस लिटरच्या आसपास पेट्रोल पिते, १५० चे पन्नासच्या पुढे जाते. मोठीसाठी मामेभावाची सगळी बचत जाऊन वर कर्ज काढावे लागत होते. व्याजाचे कर्ज नको असे मामूंनी पहिल्याच दिवशी सांगितले होते. घरातून भागीदारीत पैसे उभे करण्याची गोष्टही निघाली. पण भागीदार झाला की प्रत्येकाला आपले पाहुणे बसवायचा हक्क वाटू लागतो. ते प्रकरण आम्ही वाढू दिले नाही.

इंजिनाबद्दल एक गोष्ट मात्र आकारापेक्षा महत्त्वाची वाटली. मुळेचे पाणी नुसते उसाचे नाही, नगर शहर हेच पाणी पिते. जुन्या धाटणीच्या टू-स्ट्रोक इंजिनात तेल पेट्रोलमध्येच मिसळलेले असते आणि त्यातले काही न जळता पाण्यात जाते. फोर-स्ट्रोकमध्ये तेल वेगळे राहते. मुंबईची मोठी नाव स्वस्तात मिळत होती, त्याचे एक कारण तिचे जुने टू-स्ट्रोक इंजिन हे निघाले. मामेभावाने ते फोटोवरून ओळखले होते, पण तोंडाने कबूल करायला त्याला आठवडा लागला. आपण ज्या हौदातले पाणी पितो त्यात तेल सोडायचे का, असे मामूंनी विचारल्यावर २२ फुटीची बाजू जवळजवळ संपली.

कागदांचेही आहे. २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याने यांत्रिक नावेला नोंदणी, तपासणी आणि विमा आला. धरण जलसंपदा विभागाचे, तेव्हा त्यांच्या परवानगीशिवाय तिथे नाव घालता येत नाही, मग ती १६ फुटी असो की २२ फुटी. सातारा जिल्ह्यात बामणोलीहून वासोट्याच्या पायथ्याला कोयनेच्या पाण्यावरून लोक नावेने जातात. तसे राहुरीलाही काही उभे राहावे, चार मुलांना काम मिळावे, असे आम्हालाही वाटते. पण ते कागद झाल्यावर.

शेवटी ठरली ती छोटीच, पण मुंबईतली नव्हे. थोडी रुंद, १७ फुटांची, अगदी चपट्या तळाऐवजी थोड्या 'व्ही' तळाची आणि फोर-स्ट्रोक इंजिनाची. ती शोधायला मामेभाऊ आता मालवणकडे जाणार आहे. हिशेबाने सात बसतील, आम्ही सहाच धरले आहेत. दुपारी तीननंतर मे-जूनमध्ये नाव पाण्यात नाही. मासेमारांच्या जाळ्यांकडे जायचे नाही, कारण पंख्यात जाळे अडकले की इंजिनही बंद आणि गरिबाचे जाळेही गेले. इंजिनाला एक दोरी असते, ती चालवणाऱ्याच्या मनगटाला बांधायची. तो पाण्यात पडला की इंजिन आपोआप थांबते. मस्कतला ही दोरी न बांधणारे खूप पाहिले, असे मामेभाऊ सांगतो.

काठावर कोण थांबणार हा बहिणीचा प्रश्न मात्र तिने सोडला नाही. नाव यायच्या आधीच तिने फेऱ्यांची यादी लिहून स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवली आहे. पहिल्या फेरीत दादी, अम्मी, ती स्वतः, दोन भाच्या आणि चालवायला मामेभाऊ. पातेली राखायला आम्ही तिघे भाऊ. आम्हाला मंजूर आहे. नाव, कागद, ट्रॉली यांतले अजून काहीच आलेले नाही. लाइफ जॅकेट तेवढी आली आहेत, सहा. त्यांतली दोन लहान मापाची, पट्टा पायांमधून घेऊन बांधायची. सहा वर्षांची भाची तिचे अंगात घालून अंगणात फिरते आणि त्याला लावलेली शिट्टी दिवसभर वाजवते. दादी म्हणते, धरणावर जाईपर्यंत ही शिट्टी कुणीतरी लपवून ठेवा.