थोरलीचं नाव

गंगाखेडकडच्या आमच्या वाड्यात तांब्याची एक घागर होती. तिच्या गळ्याशी ठिपक्याठिपक्यांनी नाव टाकलेलं होतं, आणि ते आजीचं नव्हतं. आजी रोज सकाळी चिंच आणि राख लावून ती घागर घासायची. तांबं उजळलं की ते नाव आणखीच ठळक दिसायचं. लहानपणी एकदा विचारलं तेव्हा ती हात न थांबवता म्हणाली, "थोरलीचं हाय ते. माझ्या आधीची." आजोबा बिजवर होते, हे मला तेव्हा कळलं.

पुढे कॉलेजच्या पहिल्या वर्षानंतर उन्हाळ्याच्या सुट्टीत डॅफ्ने द्यू मोरिएची 'रिबेका' हाती आली. मे महिन्यातल्या आमच्याकडच्या दुपारी दार उघडायची सोय नसते. माळवदाखालच्या थंड, अंधाऱ्या खोलीत, शेजारी डिक्शनरी ठेवून मी ती वाचायला घेतली. १९३८ साली आलेली, इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्यावरच्या एका मोठ्या घराची ही गोष्ट. मॅक्सिम द विंटर नावाच्या श्रीमंत विधुराशी लग्न करून एक साधी, बुजरी मुलगी मॅन्डरलीला येते. पहिली बायको रिबेका समुद्रात बुडून गेलेली. पण पत्रांच्या कागदावर तिचं अक्षर आहे, रुमालावर तिचा 'आर' आहे. जेवायला काय करायचं, हेही अजून तिच्याच आवडीनं ठरतं. वाचता वाचता मला आमची घागर आठवली.

या कादंबरीत भूत नाही, आणि तिची खरी ताकद मला यातच वाटते. ना पांढरी साडी, ना पैंजणांचा आवाज. भीती येते ती चिनी मातीच्या एका लहानशा मूर्तीतून. नव्या बाईच्या हातून ती फुटते आणि ती घाईघाईनं तुकडे ड्रॉवरच्या मागच्या बाजूला दडवते. पुढे आळ नोकरावर येतो आणि तिला मिसेस डॅन्व्हर्स या कारभारणीसमोर कबुली द्यावी लागते. घरची मालकीण स्वतःच्या घरात चोरासारखी वागते! सासरी आल्याच्या पहिल्या महिन्यात ज्या बाईच्या हातून दुधाचं भांडं कलंडलं असेल, तिला हा प्रसंग समजावून सांगावा लागणार नाही.

म्हणूनच असेल, ही गोष्ट आपल्याकडे सहज रुजली. या गोष्टीवरच्या १९६४च्या 'कोहरा' या हिंदी चित्रपटात वहिदा रहमान दुसरी बायको होती आणि डॅन्व्हर्सच्या जागी दाईमा होत्या आपल्या येवल्याच्या ललिता पवार. बिजवर, सवत, थोरली, धाकटी हे शब्द आपल्या भाषेत आधीपासून होतेच.

आपल्याकडे आणखीही एक गोष्ट होती. आजीच्या गळ्यात मंगळसूत्राच्या शेजारी चांदीचा एक टाक असायचा, अंगठ्याच्या नखाएवढा. त्यावर बाईची आकृती होती. वर्षानुवर्षं अंगाला घासून तिचे नाकडोळे पुसट झाले होते. तो सवतीचा टाक. थोरलीनं त्रास देऊ नये म्हणून धाकटीनं तिला गळ्यात वागवायचं, ही जुनी रीत. भाद्रपदात अविधवा नवमीला आजी थोरलीच्या नावानं सवाष्ण जेवू घालायची, तिची ओटी भरायची. पुरणाचा पहिला घास तिचा.

ही रीत भीतीतून आली आहे, आणि तिचं सगळं ओझं धाकटीच्याच गळ्यात, हे मला दिसतं. तरीही 'रिबेका' वाचल्यावर तिच्याकडे मी नव्यानं पाहिलं. मॅन्डरलीत रिबेकाबद्दल कुणीच मोकळं बोलत नाही. नवरा गप्प, स्नेही गप्प. त्या गप्पपणातून रिबेका रोज वाढत जाते, आणि धाकटी मनातल्या मनात तिला अजून सुंदर, अजून मोठी करत राहते. मॅक्सिम एकदा मोकळेपणानं बोलला असता, तर त्या घराची अर्धी भीती तिथंच सरली असती. आमच्याकडे थोरली रोज बोलण्यात असायची. तिला आंबट वरण आवडायचं, ती ओव्या छान म्हणायची, हे आजीच आम्हाला सांगायची. आजीनं तिला कधी पाहिलंही नव्हतं. जिचं नाव घेतलं जातं ती बाई घरातलीच होऊन जाते, तिचं भूत होत नाही.

या कादंबरीची निवेदिका शेवटपर्यंत निनावी राहते. तिचं नाव सुंदर आणि वेगळं आहे, एवढंच आपल्याला कळतं. द्यू मोरिएनं पुढे सांगितलं की आधी नाव सुचलं नाही, आणि मग तेच लेखनाचं आव्हान झालं. मला मात्र तिथं ताटातले तांदूळ दिसले. लग्नात अंगठीनं त्यावर नवं नाव लिहितात आणि माहेरचं नाव मागे राहतं. थोरलीचं नाव मला पाठ होतं. आजीचं माहेरचं नाव मी कधी विचारलंच नव्हतं.

पुस्तक मिटून मी ओसरीवर गेलो. आजी तूर पाखडत होती. विचारलं, तर सूप थांबलं. बळदाच्या तळाशी हात घालून काही वर काढावं, तसा तिला वेळ लागला. मग तिनं हळूच सांगितलं आणि तोंडाला पदर लावून हसली. साठ वर्षांत ते नाव कुणी विचारलं नव्हतं, म्हणाली.

नाव खरोखरच सुंदर होतं, आणि वेगळंही. पण ते तिनं मला सांगितलं होतं. म्हणून इथं लिहीत नाही.