पाठीचा क्रूस

मिस्सेत पवित्र भाकर उंचावली जात असताना सारे चर्च गुडघ्यांवर असावे आणि आपण मात्र बाकाला टेकून बसून राहावे, अशी पाळी आली त्या रविवारी मला माझ्या पाठदुखीची प्रथमच लाज वाटली. तोवर चार वर्षे मी ती निमूटपणे सोशीत आलो होतो.

सल्ल्यांना तोटा नव्हता. आमच्या वसईत कमरेवर हात ठेवून उभे राहिले की प्रत्येक ओटीवरून एक पथ्य ऐकू येते. चिंच वर्ज्य, वाल वातूळ, बटाटा जड, बांगडा उष्ण. मी एकेक पदार्थ ताटातून वगळीत गेलो. प्रायश्चित्तकाळात चाळीस दिवस मासळी सोडणारा मी आता बाराही महिने ती सोडून बसलो आणि मनोमन त्यात थोडे पुण्यही मानू लागलो. आई रात्री निर्गुडीचा पाला तव्यावर गरम करून कंबर शेकायची. त्या शेकाने झोप लागे. सकाळी खुर्चीतून उठताना मांड्या पुन्हा थरथरत.

अखेर एका डॉक्टरांनी आधी माझी दिनचर्या विचारली. पहाटेची लोकल, दिवसभर दिव्याखालची कचेरी, घरी येईतो अंधार. रक्त तपासले तेव्हा ड जीवनसत्त्व मिलिलिटरला ९ नॅनोग्रॅम निघाले; २० च्या खाली ते अपुरे समजतात. हे जीवनसत्त्व मुख्यत्वे उन्हामुळे त्वचेत तयार होते. अन्नात ते फार थोडे, आणि जे असते ते तारली, बांगडा, अंड्याचा बलक अशा मोजक्या पदार्थांत! त्यावाचून कॅल्शियम अंगी लागत नाही, हाडे मऊ पडतात, कंबर ठणकते. म्हणजे मी नेमके औषधच पथ्य म्हणून टाकले होते.

आठ आठवडे, दर आठवड्याला ६०,००० एककांची मात्रा घेतली. नाचणीची भाकरी सुरू झाली, बांगडा परतला, दुपारच्या सुट्टीत उन्हात चालू लागलो. सर्वांची पाठदुखी आहारातून येते असे मुळीच नाही. पुष्कळांची पाठ बैठकीने आखडलेली असते आणि तिला चालणेच मानवते. पाय बधिर होत असतील किंवा लघवीवरचा ताबा जात असेल तर मात्र घरगुती उपायांत एक दिवसही घालवू नये.

निर्गुडीचा शेक मी सोडलेला नाही. त्यात आईचा हात असतो.

यंदा ईस्टरच्या मिस्सेत पुढच्या बाकाचा आधार घेऊन मी गुडघे टेकले. उठताना शेजारच्या मुलाने हात पुढे केला. तो मी घेतला.