वजनकांट्याची साक्ष

माणसाच्या व्यवहारांत कांहीं साक्षीदार असे असतात कीं, त्यांची उलटतपासणी करण्याचें कोणाच्या मनांतही येत नाहीं. वजनाचा कांटा हा त्यांपैकीं एक होय. वाशीम शहरांत आणि आसपासच्या तालुक्यांच्या गांवीं, ज्यांस हल्लीं जिम म्हणतात त्या व्यायामशाळा निघाल्या आहेत. त्यांच्या दाराशीं कांचेचा एक चौकोनी कांटा ठेवलेला असतो. आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थी सायंकाळीं त्यावर उभे राहतात आणि तो जो आकडा दाखवील तो प्रमाण मानून घरीं परततात. ‘सर, जिममधला कांटा खरा असतो का?’ हा प्रश्न आम्हांस इतक्या वेळां विचारण्यांत आला आहे कीं, त्याचें उत्तर या वार्षिकांत एकदां सविस्तर द्यावें असें आम्हीं योजिलें.

प्रश्न आमच्या जिल्ह्यास नवा नाहीं. वऱ्हाड जेव्हां नांवानें निजामाचें व कारभारानें इंग्रजांचें होतें, तेव्हां १८८६ सालीं हैद्राबाद रेसिडेन्सीच्या हुकुमानें कारंजा येथील कापसाचा बाजार नियमांखालीं आणण्यांत आला. हिंदुस्थानांतील पहिला नियंत्रित बाजार तो हाच. पुढें १८९७ सालीं वऱ्हाडांतील कापूस व धान्य यांच्या बाजारांसाठीं स्वतंत्र कायदाही झाला. कारंजा आज वाशीम जिल्ह्यांत आहे. हा जिल्हा १ जुलै १९९८ रोजीं अकोल्यापासून निराळा झाला. कापूस पिकविणारा एक, तोलणारा दुसरा आणि घेणारा तिसरा, अशी जेथें स्थिति असते, तेथें कांट्यांतील खोट पहिल्याच्याच पदरीं पडते, हें आपल्या आजोबा-पणजोबांस चांगलें ठाऊक होतें. म्हणून आजही २००९ च्या वैध मापन कायद्याप्रमाणें व्यापाऱ्याच्या कांट्याची तपासणी होऊन त्यावर सरकारी शिक्का बसतो, आणि इलेक्ट्रॉनिक कांट्यास तो दरवर्षीं नव्यानें घ्यावा लागतो.

व्यायामशाळेंतील कांट्यावर मात्र कांहीं विकलें जात नाहीं. त्यामुळें ‘हा कांटा शेवटचा केव्हां तपासला?’ असें विचारणारा तेथें कोणी भेटत नाहीं. वस्तुतः व्यवहार तेथेंही होतच असतो. कोवळ्या वयाचीं मुलें आपली भूक आणि आपला आत्मविश्वास त्या आकड्याच्या भावानें देऊन टाकीत असतात. आम्ही ही गोष्ट पाहिलेली आहे, म्हणूनच लिहितों.

गेल्या वर्षीं आमच्या दहावींतील एक विद्यार्थी दुपारचा डबा न उघडतां परत नेऊं लागला. प्रथम आम्हांस वाटलें, प्रकृति बरी नसेल. पुढें त्याची आई शाळेंत आली व ‘रात्रींही अर्धी भाकर खाऊन उठतो,’ असें सांगूं लागली, तेव्हां आम्हीं त्यास जवळ बसवून विचारिलें. शाळेंतील तपासणीच्या दिवशीं सकाळीं त्याचें वजन ५१ किलो भरलें होतें. पांच दिवसांनीं सायंकाळीं जिममधील कांट्यावर तें ५३ किलो ४०० ग्रॅम भरलें. शेजारीं उभ्या असलेल्या सोबत्यांनीं थट्टा केली, आणि पांच दिवसांत आपण जवळजवळ अडीच किलो फुगलों, या समजुतीनें मुलानें जेवण तोडलें. त्याची अंगकाठी पाहणाऱ्यास यावर हसूं आलें असतें. त्याच्या आईस तें येत नव्हतें.

उपदेशानें अशी भूक परत येत नाहीं. हिशेबानें कदाचित् येईल, असें मनांत आणून आम्हीं त्यालाच सोबत घेतलें. ओळखीच्या किराणा दुकानदाराच्या शिक्का असलेल्या कांट्यावर तांदुळाच्या दोन गोण्या, प्रत्येकी बरोबर २५ किलो, तोलून घेतल्या. प्रथम त्या शाळेच्या कांट्यावर ठेविल्या. तेथें त्या ५० किलोच भरल्या. मग त्या रिक्षांत घालून व्यायामशाळेंत नेल्या. तेथील चालकांनीं आनंदानें परवानगी दिली. कांटा रबराच्या जाड चटईवर होता. एकच गोणी तीन वेळां ठेविली, तर तीन निराळे आकडे आले : २५.९, २५.१ आणि २५.६. मग कांटा उचलून सपाट फरशीवर ठेविला. आतां तीनही वेळां २५.६ हाच आकडा आला; आणि दोन्ही गोण्या एकदम ठेविल्या तेव्हां ५१.२.

यावरून दोन गोष्टी उघड झाल्या. कांट्यांत दोन प्रकारची खोट असूं शकते. एक, दर वेळीं निराळें सांगण्याची; ती चटईमुळें होती व फरशीवर गेली. दुसरी, दर वेळीं सारख्याच प्रमाणांत अधिक सांगण्याची. ती फरशीवरही कायम राहिली. पहिल्या प्रकारचा साक्षीदार निरुपयोगी समजावा. दुसऱ्याचा उपयोग करतां येतो, कारण तो किती वाढवून सांगतो हें एकदां कळलें कीं, तेवढें वजा करतां येतें.

मग आम्हीं फळ्यावर जमाखर्च मांडिला. एकंदर तफावत २ किलो ४०० ग्रॅम. त्यांत कांट्याच्या खातीं सुमारें सव्वा किलो. मुलगा जिममध्यें बूट घालून उभा राहिला होता. ते बूट दुकानांत तोलले, ७०० ग्रॅम. खिशांतील फोन २०० ग्रॅम. बाकी राहिला पाव किलो, म्हणजे एक पेलाभर पाणी. मुलगा बराच वेळ फळ्याकडे पाहत राहिला. दुसऱ्या दिवशीं डबा रिकामा होऊन घरीं गेला, असें त्याच्या आईनें कळविलें.

कांटा असा कां चुकतो, हें समजून घेणें विद्यार्थ्यांस कठीण नाहीं. दवाखान्यांत पूर्वीं जो दांडीचा कांटा असे, त्यांत माणसाच्या भाराची तुलना सरकत्या वजनाशीं होई. स्प्रिंगच्या कांट्यांत स्प्रिंग किती दबते यावरून वजन कळतें, आणि जुनी झालेली स्प्रिंग आपला ताठपणा सोडते. आजच्या कांचेच्या कांट्याच्या चार कोपऱ्यांखालीं धातूच्या चार लहान पट्ट्या असतात. भार पडतांच त्या डोळ्यांस न दिसेल इतक्या वांकतात. त्यांवर चिकटविलेल्या बारीक तारेचा विद्युत्-रोध त्यामुळें बदलतो, आणि त्या बदलाचें आंतील यंत्र किलोंत रूपांतर करतें. म्हणजे चारही पाय कठीण व सपाट जागेवर टेकणें ही या कांट्याची पहिली अट आहे. ज्या ठिकाणीं दिवसभर शंभर माणसें त्यावर चढतात आणि कधीं कधीं लोखंडी वजनेंही आदळतात, तेथें तो बिघडला तर नवल नाहीं. आमच्या लहानपणीं रेल्वे-स्टेशनांवर रंगीत दिव्यांचें यंत्र असे. त्यांत नाणें टाकलें कीं पुठ्ठ्याचें तिकीट पडे, ज्याच्या एका अंगास वजन व दुसऱ्या अंगास भविष्य छापलेलें. लोक दोन्हीं वाचीत व दोन्हीं खिशांत ठेवून गाडींत बसत. त्या आकड्यापायीं कोणी जेवण टाकल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं.

आतां अशी कल्पना करूं कीं, एखादा कांटा पूर्णपणें निर्दोष आहे. तरीही प्रश्न मिटत नाहीं, कारण त्यावर उभें राहणारें शरीरच दिवसभर एकसारखें नसतें. हें आमच्या शेतकरी पालकांस अधिक समजावून सांगावयास नको. सोयाबीन बाजारांत नेलें कीं आधीं ओलावा मोजतात. हमीभावाच्या खरेदींत ओलाव्याची नेहमींची मर्यादा १२ टक्के असते. पावसांत भिजलेलें पोतें अधिक भरतें. तेथें कांटा खोटें बोलत नाहीं, परंतु त्यांत दाणा किती व पाणी किती हें त्यास सांगतां येत नाहीं. शरीराचेंही तसेंच आहे. एक लिटर पाणी प्यालें कीं तत्क्षणीं एक किलो वाढतो. वैशाखाच्या उन्हांत तासभर कसून मेहनत केली तर तेवढाच घामावाटे जाऊं शकतो. जेवण, मलमूत्र, मिठाचें प्रमाण या सर्वांनीं एका दिवसांत किलो-दोन किलोंचा फरक निरोगी माणसांतही पडतो. त्यांत चरबी वाढली किंवा घटली असें मुळींच नव्हे.

इटलींतील पदुआ येथें सांतोरियो नांवाचा एक वैद्य होऊन गेला (१५६१–१६३६). त्यानें कांट्याच्या दांडीस खुर्ची टांगून सुमारें तीस वर्षें आपलें स्वतःचें, आपल्या अन्नाचें व मलमूत्राचें वजन केलें, आणि १६१४ सालीं त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. एका दिवसांत आठ पौंड अन्नपाणी पोटांत गेलें तर त्यांतील सुमारें पांच पौंड कोणास न दिसतां श्वास व त्वचा यांवाटे निघून जातें, असें त्यास आढळलें. तीस वर्षें तोलूनही ज्यानें एका दिवसाच्या आकड्यावरून अनुमान काढलें नाहीं, त्याचा धीर आमच्या विद्यार्थ्यांनीं घ्यावा.

अलीकडचें उदाहरण सर्वांच्या परिचयाचें आहे. पॅरिस येथील ऑलिंपिक सामन्यांत ६ ऑगस्ट २०२४ रोजीं विनेश फोगाट हिनें ५० किलोंच्या गटांत तीन कुस्त्या जिंकून अंतिम फेरी गांठली. त्या सकाळीं तिचें वजन मर्यादेंत होतें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं, रात्रभर घाम गाळूनही, तें १०० ग्रॅमनें अधिक भरलें आणि ती बाद ठरली. तेथील कांटा उत्तम होता. चोवीस तासांत शरीर बदललें होतें, एवढेंच. १०० ग्रॅम म्हणजे अर्धा पेला पाणी. जेथें नियमच तसा आहे तेथें त्या अर्ध्या पेल्यास अर्थ असतो. आपल्या नित्याच्या आयुष्यांत तो नसतो.

मग कांटा टाकूनच द्यावा काय? तसें आमचें म्हणणें नाहीं. किलोग्रॅमची व्याख्या देखील पॅरिसजवळ जपून ठेविलेल्या धातूच्या एका लहान दंडगोलावर अवलंबून होती. नवी दिल्ली येथील राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेंत त्याची ५७ क्रमांकाची प्रत आहे. शंभर वर्षांत तो दंडगोल आणि त्याच्या प्रती यांत एका ग्रॅमच्या कांहीं लक्षांशांचा फरक पडलेला दिसला. अखेर २० मे २०१९ पासून किलोग्रॅमची व्याख्या निसर्गांतील एका न बदलणाऱ्या राशीवर बसविण्यांत आली. शास्त्रज्ञांनीं मोजणें सोडलें नाहीं; मापाची परीक्षा घेतली. आपणही तेंच करावें. ज्यास वजनाची नोंद ठेवावयाची असेल त्यानें कांटा एकच ठेवावा, तो फरशीवर असावा, आणि महिन्या-दोन महिन्यांनीं तोललेल्या गोणीनें त्याची परीक्षा घ्यावी. आठवड्यांतून एकदां, सकाळीं, शौचास जाऊन आल्यावर व कांहीं खाण्यापूर्वीं, हलक्या कपड्यांत व अनवाणी उभें राहावें. एका आकड्याकडे न पाहतां पांच-सहा आठवड्यांचे आकडे वहींत एकाखालीं एक लिहून त्यांचा कल पाहावा. दोन निराळ्या कांट्यांच्या आकड्यांची वजाबाकी कधींही करूं नये.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्या वयांत उंचीबरोबर वजन वाढणें हा दोष नव्हे. तें न वाढणें ही चिंतेची गोष्ट आहे. व्यायामानें स्नायु भरतात, तेव्हांही कांटा वरच जातो, आणि स्नायु कोणते व चरबी कोणती हें त्यास ओळखतां येत नाहीं. पालकांस आमची विनंति अशी कीं, वरीलप्रमाणें नोंद ठेवूनही मुलाचें वजन कारणावांचून सतत उतरत असेल, विशेषतः खोकला, ताप किंवा रात्रींचा घाम सोबत असेल, तर कांट्यास दोष देत बसूं नये, मुलास डॉक्टरांकडे न्यावें. क्षयासारख्या रोगांत औषधाच्या गोळ्या किती द्यावयाच्या हें वजनावरूनच ठरतें. तेथें खऱ्या कांट्याची किंमत फार मोठी आहे. एरव्हीं मात्र ‘जाड’, ‘काडी’ असे शब्द जेवणाच्या पंगतींत उच्चारूं नयेत. डबा रिकामा होऊन घरीं येतो कीं नाहीं, हें आधीं पाहावें. आकड्याची चौकशी त्यानंतर करावी.