मागचं दार

बोलिव्हियातलं पोतोसी चार हजार मीटर उंचीवर आहे. पाठीवर सॅक घेऊन दोन मैत्रिणींबरोबर चढताना दर दहा पावलांवर दम लागत होता. समोर सेर्रो रिको: १५४५पासून चांदीसाठी पोखरलेला डोंगर. खाण बघायला जाणारे आधी खाणकामगारांच्या बाजारात थांबतात. भेट म्हणून कोकाची पानं, कोल्ड्रिंक, सुरुंगाच्या कांड्यासुद्धा घेतात. मी पानांची पिशवी घेतली.

खाणीच्या तोंडाशी हेल्मेट चढवलं, तेवढ्यात आतून एक कामगार बाहेर आला. पापण्यांवर धूळ. कुणीतरी कॅमेरा उचलला. त्याने मान फिरवली.

भिलाईच्या कारखान्यातून रात्रपाळी करून बाबा पद्मनाभपुरच्या घरी यायचे, ते आधी नळाखाली डोकं धरायचे. माझ्या मैत्रिणी आलेल्या असल्या, की मागच्या दाराने यायचे. मला ते बरंच वाटायचं.

मी पिशवी त्या कामगाराला दिली आणि बाहेरच बसले. मैत्रिणी आत गेल्या.

रात्री फोन लावला. घरी सकाळ होती.

“काय पाहिलंस गं?”

“बाबा, तुम्ही मागच्या दाराने का यायचात?”

थोडा वेळ ते बोललेच नाहीत. मग म्हणाले, “तुला कळलं होतं होय?”