कौलांचा हिशोब

पणजीत आल्तिनोची टेकडी आणि उरेंची खाडी यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत फोंताइन्हास आहे. पिवळ्या, निळ्या, लाल भिंतींचा तो भाग तुम्ही एखाद्या रीलमध्ये पाहिला असेलच. १८४३ साली राजधानी जुन्या गोव्यातून पणजीला आली आणि ही वस्ती भरत गेली. आज इथल्या काही दारांवर ‘फोटो काढू नका, इथे माणसं राहतात’ अशा अर्थाच्या पाट्या आहेत आणि काहींवर हॉटेलचं नाव. मी दुसऱ्या प्रकारच्या एका घरात तीन रात्री राहिले.

ॲपवर त्याचं वर्णन ‘बुटीक हेरिटेज स्टे’ असं होतं. प्रत्यक्षात पाच खोल्या, कुरकुरणारा लाकडी जिना आणि साठी उलटलेल्या मालकीणबाई. सगळे त्यांना आंटी म्हणतात. त्या मागच्या दोन खोल्यांत राहतात. खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांचे पातळ चौकोन बसवलेले. त्यातून ऊन गाळून आत येतं, बाहेरचं मात्र दिसत नाही. सकाळी पोदेराचा भोंगा वाजला की आंटी स्वतः खाली जाऊन पोई घेतात. तीच आपल्या ताटात येते.

इथे नियम आहेत. दुपारी शेजारी झोपतात, तेव्हा बाल्कनीत मोठ्यानं बोलायचं नाही. रात्री साडेदहानंतर आलात तर ‘दाराक कडी घाल’ असं आतून ऐकू येतं. त्या कोकणीत बोलायच्या, मी मराठीत. आमचं काही अडलं नाही. रिव्ह्यूत मात्र कुणीतरी एक स्टार कापून लिहिलं होतं : मालकीण फार टोकते. मला वाटलं, बरोबरच आहे. हॉटेलात गिऱ्हाइकाला कोण टोकणार? टोकतात ते घरात.

तिसऱ्या संध्याकाळी मी सहज विचारलं, “आंटी, एवढं मोठं घर एकटीनं कसं सांभाळता?”

“एकटी कुठे? चौघांचं आहे.” एक भाऊ लिस्बनला, एक बहीण टोरोंटोला, दुसरा भाऊ वारला, त्याची दोन मुलं. पोर्तुगीज काळातल्या नागरी कायद्यापासून गोव्यात मुलगा-मुलगी दोघांना वारसाहक्क सारखा. साधारणपणे निम्म्याहून जास्त संपत्ती मुलांना डावलून मृत्युपत्रानं दुसऱ्याला देता येत नाही. बायकांसाठी ही मोठीच गोष्ट. पण तीन पिढ्यांत एका छपराखाली इतके वाटेकरी होतात की विकायला सगळ्यांच्या सह्या मिळत नाहीत आणि दुरुस्तीला कुणी पैसे काढत नाही. मग घराला कुलूप लागतं, पावसाळ्यात कौलं सरकतात, वासे कुजतात. फोंताइन्हासच्या रंगीत भिंतींमध्ये अशी बंद दारंही दिसतात. रीलमध्ये ती नसतात.

आंटींनी भावंडांशी बोलून पाच खोल्या भाड्यानं द्यायला सुरुवात केली. पैसे आधी छपराला, मग रंगाला, उरले तर वाटणी. त्यांनी मला वही दाखवली. मे महिन्याच्या पानावर मंगळुरी कौलं, सुतार, वाळवीचं औषध. “हे सगळं पाहुण्यांनी केलं,” त्या म्हणाल्या. बिल देणाऱ्यांना त्या पाहुणे म्हणत होत्या आणि त्यात काही खोटं वाटत नव्हतं.

माझ्या आजोबांचा पुण्यात, सदाशिव पेठेत वाडा होता. सात वारस होते. तिथे सह्या सहा महिन्यांत झाल्या, कारण समोर बिल्डरचा आकडा होता. आता तिथे सात मजले आहेत आणि त्यात आमचा वन बीएचके. आईला त्याचं दुःख नाही. वाड्यातला सामाईक संडास आणि गळती तिनं काढली, मी नाही. तिला लिफ्ट हवी होती आणि ती मिळाली. म्हणून जुनं घर टिकवणं म्हणजे आपोआप पुण्याचं काम, असं मला म्हणवत नाही. टिकवायचं तर कुणीतरी रोज अनोळखी माणसांचे टॉवेल धुवावे लागतात. आपल्या आईच्या पलंगावर परक्यांना झोपू द्यावं लागतं.

“वाईट वाटतं का?” मी विचारलं.

“पहिल्या वर्षी वाटलं. मग पाऊस आला आणि घर गळलं नाही.”

त्यांचा मुलगा बेंगळुरूला सॉफ्टवेअरमध्ये आहे. तो परत येणार का, हे त्यांनी अजून विचारलेलं नाही आणि त्यानंही सांगितलेलं नाही. यंदा मागच्या बाजूची कौलं बदलायची आहेत. त्यासाठी एप्रिलपर्यंत पाचही खोल्या भरायला हव्यात.