टेक ओव्हर

मराठीत आपण किल्ला ‘ताब्यात घेतो’ आणि खुर्चीचा ‘चार्ज घेतो’. इंग्रजीला दोन्हींसाठी ‘टेक ओव्हर’ पुरतं. फरक कळतो तो पुढच्या ‘फ्रॉम’वरून. कुणाकडून तरी ‘टेक ओव्हर फ्रॉम’ म्हटलं, की त्याची जबाबदारी आता आपली.

एनसीसीच्या पोस्टिंगवर म्हैसूरला आलो आणि इथल्या इतिहासात पहिला अर्थ भेटला. १८३१ साली कंपनी सरकारने महाराज कृष्णराज वडियार तिसरे यांचा कारभार स्वतःकडे घेतला. तो परत मिळावा म्हणून महाराज वर्षानुवर्षं मागणी करत राहिले आणि १८६८ मध्ये गेले. त्यांचे दत्तक पुत्र चामराजेंद्र यांच्याकडे राज्य आलं ते २५ मार्च १८८१ रोजी. टेक ओव्हर आणि हँड ओव्हर यांच्यामध्ये पन्नास वर्षं! तरीही बंगळूरची छावणी इंग्रजांनी स्वतःकडेच ठेवली, ती थेट १९४७ पर्यंत.

फौजेत हे दोन शब्द जोडीनेच येतात: ‘हँडिंग-टेकिंग’. देणारा आणि घेणारा मिळून कोत उघडतात, रायफलींचे नंबर रजिस्टरशी ताडून बघतात, स्टोअरमधले तंबू मोजतात, मग दोघांच्या सह्या. सही झाली की ‘हे माझ्या आधीचं आहे’ म्हणायची सोय संपते. म्हणूनच घेणारा डोळ्यांत तेल घालून मोजतो.

पुढच्या महिन्यात माझी बदली आहे. सामानाच्या याद्या तयार आहेत. पण रजिस्टरला रकाना नसलेल्याही काही गोष्टी आहेत. एका हवालदाराची मुलगी पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. परीक्षेपर्यंत त्याला इथून हलवू नये, एवढंच त्याचं मागणं. एक कॅडेट पहाटे दूध घालून मग परेडला येते. ती पाच मिनिटं उशिरा आली, तर आधी कारण विचारावं.

हे सगळं मी एका वेगळ्या कागदावर लिहितोय. त्यावर कुणाची सही लागत नाही. येणाऱ्या साहेबांना चहाला बसवून ओळ न् ओळ वाचून दाखवणार आहे. रायफल मोजून घेता येते. माणूस मात्र सांगूनच सोपवावा लागतो.