पाच धोतरांचा पांढरा

दिल्लीत इंडिया गेट पाहून झालं की आपली मंडळी राजघाटाची वाट धरतात. हाकेच्या अंतरावरचं जयपूर हाउस फारसं कुणाच्या यादीत नसतं. जयपूरच्या महाराजांचा हा जुना वाडा. १९५४पासून इथे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय नांदतं आहे.

'आधुनिक' या शब्दाचाच धाक असतो. आपल्याला यातलं काय कळणार, हा संकोच तिकिटाच्या खिडकीपासून सोबतीला येतो. माझा संकोच सुटला तो अमृता शेरगिलच्या चित्रांसमोर.

'यंग गर्ल्स' तिने १९३२ साली पॅरिसमध्ये रंगवलं, जेमतेम एकोणिसाव्या वर्षी. समोरासमोर बसलेल्या दोन तरुणी. हात सफाईदार, शिक्षण युरोपचं. पुढे १९३४मध्ये ती भारतात परतली, अजिंठ्याची लेणी तिने डोळे भरून पाहिली, मग दक्षिणेत हिंडली. त्यानंतरचं, १९३७चं 'ब्रह्मचारी' पाहताना हात तोच आहे यावर विश्वास बसत नाही. उघड्या अंगाचे पाच बटू, सावळी कांती, मोजके आकार. कुठे दिमाख नाही, देखावा नाही. जवळ गेलं की धोतरं खुणावतात. वाटलं होतं, पांढरा तो पांढराच. पण इथे एक पांढरा निळसर, एक पिवळट, एक जुन्या चुन्यासारखा. त्या पांढऱ्यांमुळेच अंगांचा सावळेपणा उजळून निघतो. मी कितीतरी वेळ नुसते ते पांढरेच पाहत राहिले.

आणि लख्ख जाणवलं, हे तर ओळखीचं आहे. लेण्यातल्या अंधारात डोळे सरावल्यावर भिंतीवरून हळूहळू वर येणारी ती सावळी, शांत माणसं आपण शाळेच्या सहलीपासून पाहत आलोय. पॅरिसमध्ये शिकलेल्या या मुलीला नव्याची वाट दाखवली ती दीड हजार वर्षांपूर्वीच्या भिंतींनी. आधुनिकता परदेशातून आली, असं आपण सरसकट म्हणतो. तिच्या वाटेवर आपला अजिंठाही लागतो.

१९४१मध्ये लाहोरला अमृता हे जग सोडून गेली, तेव्हा ती अवघी अठ्ठावीस वर्षांची होती. तिची चित्रं आता राष्ट्रीय ठेवा आहेत, म्हणजे तुमचीआमची. तेव्हा अजिंठा पाहिला असेल, तर ती सहल अर्धीच झाली आहे असं समजा. दिल्लीला जाल तेव्हा सोमवार तेवढा टाळा, त्या दिवशी संग्रहालय बंद असतं. आणि सगळी दालनं पालथी घालू नका; चारच चित्रं बघा, पण पोटभर बघा.